एसक्यूएलअल्केमी

एसक्यूएलअल्केमी : पायथन या संगणकीय भाषेतील आज्ञावलींना संबंधात्मक डेटाबेसशी जोडण्यासाठी वापरण्यात येणारा साधनसंच. डेटाबेस म्हणजे ठराविक रचनेत साठविलेला व हवा तेव्हा शोधून काढता येणारा माहितीचा साठा होय. संबंधात्मक डेटाबेसमध्ये ही माहिती ओळी व स्तंभ असलेल्या कोष्टकांत ठेवलेली असते आणि ती मिळविणे, तीत भर घालणे वा फेरफार करणे ही कामे एसक्यूएल या भाषेतील विधानांनी केली जातात. पायथनची आज्ञावली मात्र ऑब्जेक्टांच्या, म्हणजे गुणधर्म व क्रिया एकत्र बांधलेल्या घटकांच्या आधारे लिहिलेली असते. या दोन रचनांमधील अंतर भरून काढणे, हे या साधनसंचाचे मुख्य कार्य होय. तथापि तो डेटाबेसला झाकून टाकीत नाही. जोडण्यांची मर्यादा, व्यवहारांचे नियम, प्रत्येक विधानाला लागणारा वेळ या डेटाबेसच्या गोष्टी त्याखाली जशाच्या तशा असतात. त्याच्या वापरात उद्भवणारे अनेक दोष या गोष्टींचा विसर पडल्याने निर्माण होतात. त्यामुळे दोष नेमका कोणत्या स्तरावर आहे हे ओळखणे हाच दोषनिवारणाचा पाया ठरतो.

इतिहास : संबंधात्मक डेटाबेसची कल्पना आयबीएम या कंपनीत संशोधन करणारे ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये एका निबंधात मांडली. तीवर आधारलेली भाषा त्याच कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये वर्णिली व तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८६ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९८७ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. मानक एक असले, तरी ऑरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस्क्यूएल, एसक्यूलाइट इ. प्रणालींत या भाषेच्या वेगवेगळ्या बोली प्रचलित आहेत.

पायथन ही भाषा गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तीतून डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या निरनिराळ्या ड्रायव्हरांत एकसारखेपणा यावा म्हणून १९९९ मध्ये एक सामाईक संकेत दुसऱ्या आवृत्तीत ठरविण्यात आला. माइक बायर यांनी या संकेताच्या पायावर एसक्यूएलअल्केमी रचली व तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. मार्टिन फाउलर यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात वर्णिलेल्या काही रचनापद्धतींचा तीत अवलंब केलेला आहे. १.० ही आवृत्ती २०१५ मध्ये, १.४ ही २०२१ मध्ये व २.० ही जानेवारी २०२३ मध्ये निघाली. साधनसंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने तो कोणासही विनामूल्य वापरता येतो.

रचना : साधनसंचाचे दोन मुख्य भाग आहेत. त्यांपैकी खालच्या भागास ‘कोअर’ म्हणतात. एंजिन, जोडण्यांचा साठा, कोष्टकांचे वर्णन आणि पायथनमधून एसक्यूएल विधाने रचण्याची सोय यांचा त्यात समावेश होतो. वरच्या भागास ‘ओआरएम’ म्हणतात. कोष्टकातील एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट, अशी जुळणी तो करतो. त्यातील प्रमुख घटक ‘सेशन’ हा असून आज्ञावलीच्या हाती असलेल्या ऑब्जेक्टांची नोंद ठेवणे, त्यांतील बदल हेरणे व योग्य क्रमाने ते डेटाबेसकडे पाठविणे ही कामे तो करतो.

एखादे विधान आज्ञावलीतून निघून डेटाबेसपर्यंत जाताना ओआरएम, कोअर, बोलीचा भाग, ड्रायव्हर, संगणकांचे जाळे व सर्व्हर असे टप्पे ओलांडते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा येऊ शकतो. ड्रायव्हरकडून आलेला दोष साधनसंच आपल्या वेष्टनात गुंडाळून वर पाठवितो व मूळ दोष त्या वेष्टनाच्या ‘ओरिज’ या गुणधर्मात सुरक्षित ठेवतो. दोषसंदेशाचा पहिला शब्द पाहिल्यास तो साधनसंचाचा स्वतःचा आहे की खालून आलेला आहे, हे बहुधा कळते. ‘आर्ग्युमेंट एरर’ हा साधनसंचाचा स्वतःचा दोष होय. ‘ऑपरेशनल एरर’ किंवा ‘इंटिग्रिटी एरर’ हे ड्रायव्हरमार्फत आलेले दोष होत. जोडणी तुटणे, सर्व्हर बंद असणे इत्यादींमुळे पहिला, तर एकच ओळख क्रमांक दोनदा घालणे, सक्तीचा स्तंभ रिकामा ठेवणे इत्यादींमुळे दुसरा दोष निर्माण होतो.

जोडणीचा पत्ता : एंजिन तयार करताना त्याला एक पत्ता द्यावा लागतो. त्यात बोलीचे नाव, ड्रायव्हरचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड, सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक व डेटाबेसचे नाव हे भाग ठराविक चिन्हांनी विलग केलेले असतात. पोर्ट क्रमांक न दिल्यास सामान्यतः पोस्टग्रेस्क्यूएलसाठी ५४३२ व मायएसक्यूएलसाठी ३३०६ धरला जातो. ड्रायव्हरचे नाव गाळल्यास साधनसंच त्या बोलीसाठी ठरलेला ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर साधनसंचाबरोबर आपोआप येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी येणारा ‘मॉड्यूल सापडत नाही’ हा संदेश बहुधा याच कारणाने येतो.

पोस्टग्रेस्क्यूएलच्या बोलीचे ‘पोस्टग्रेस’ हे संक्षिप्त नाव १.४ या आवृत्तीपासून चालत नाही, पूर्ण नावच द्यावे लागते. पासवर्डमध्ये ॲट चिन्ह, तिरपी रेघ किंवा टक्केचिन्ह असल्यास पत्त्याची फोड चुकू शकते. अशी चिन्हे सांकेतिक रूपात लिहावी लागतात किंवा पत्त्याचे भाग सुटेसुटे देण्याची सोय वापरावी लागते. दुसरा मार्ग अधिक निर्धोक होय. पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता तो बाहेरून, उदा., यंत्राच्या परिसर-चलांतून पुरविणे इष्ट असते.

एसक्यूलाइट या प्रणालीत सर्व्हर नसतो. संपूर्ण डेटाबेस एका फाइलीत असतो. तिच्या पत्त्यात तीन तिरप्या रेघांनंतर आलेला मार्ग चालू निर्देशिकेपासून मोजला जातो. लिनक्ससारख्या प्रणालींवर पूर्ण मार्गासाठी चार रेघा लागतात. आज्ञावली दुसऱ्या निर्देशिकेतून चालविली, तर त्या जागी त्याच नावाची नवी रिकामी फाइल निर्माण होते आणि ‘असे कोष्टक नाही’ असा संदेश येतो. वरवर पाहता माहिती नाहीशी झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती जुन्या जागी सुरक्षित असते.

जोडण्यांचा साठा : सर्व्हरशी नवी जोडणी उघडण्यास वेळ लागतो. म्हणून एंजिन काही जोडण्या उघड्या ठेवून त्या पुन्हापुन्हा वापरते. या सामाईक साठ्याला इंग्रजीत ‘पूल’ म्हणतात. नेहमीच्या मांडणीत साठ्यात ५ जोडण्या कायम ठेवल्या जातात व गरज पडल्यास आणखी १० तात्पुरत्या उघडता येतात. या १५ जोडण्या वापरात असताना आणखी मागणी आल्यास ती ३० सेकंद थांबते आणि नंतर साठ्याची मर्यादा संपल्याचा दोष उद्भवतो.

हा संदेश दिसताच साठा वाढविण्याकडे कल असतो, परंतु तो उपाय फसवा ठरू शकतो. एक जोडणी प्रत्येक कामासाठी ०·०५ सेकंद अडकत असेल, तर १५ जोडण्यांतून सेकंदाला ३०० कामे होऊ शकतात. जोडणी हाती धरून आज्ञावली एखाद्या बाहेरच्या सेवेच्या उत्तराची २ सेकंद वाट पाहत असेल, तर तेवढ्याच जोडण्यांतून सेकंदाला सरासरी ७·५ कामेच होतात. येथे दोष साठ्याच्या आकारात नसून जोडणी धरून ठेवण्याच्या कालावधीत असतो. तसेच काम संपल्यावर सेशन बंद केले नाही, तर जोडणी साठ्यात वेळेवर परत येत नाही. अशा वेळी साठा दुप्पट केल्याने बिघाड टळत नाही, तर थोडा लांबतो.

साठा वाढविण्यास सर्व्हरचीही मर्यादा असते. पोस्टग्रेस्क्यूएल नेहमीच्या मांडणीत १०० जोडण्या स्वीकारते व त्यांपैकी ३ व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. एंजिनाचा साठा प्रत्येक प्रक्रियेत वेगळा असतो. आज्ञावलीच्या ८ प्रक्रिया चालू असतील, तर १५ च्या हिशोबाने कमाल १२० जोडण्यांची मागणी होऊ शकते व सामान्य वापरासाठी असलेल्या ९७ जोडण्या अपुऱ्या पडतात. प्रत्येक प्रक्रियेस १० ची मर्यादा घातल्यास मागणी ८० पर्यंत राहते व इतर कामांसाठी १७ जोडण्या उरतात. मात्र आज्ञावलीची नवी आवृत्ती चढविताना जुन्या व नव्या प्रक्रिया काही काळ एकत्र चालत असतील, तर हा हिशोब दुप्पट धरावा लागतो.

साठ्यातील जोडणी बराच वेळ पडून राहिल्यास सर्व्हर किंवा मधली जाळेयंत्रणा ती तोडते. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास निष्क्रिय असलेली जोडणी बंद करते. रात्री वर्दळ नसलेल्या कार्यालयात सकाळची पहिली मागणी अयशस्वी होते व दुसरी यशस्वी होते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. जोडणी ठराविक वयानंतर बदलण्याची ‘पूल_रीसायकल’ ही सूचना किंवा जोडणी देण्यापूर्वी ती जिवंत आहे का हे तपासणारी ‘पूल_प्री_पिंग’ ही सूचना यावर वापरतात. दुसरी सोय १.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. काम चालू असताना मध्येच तुटलेली जोडणी मात्र तिने सावरता येत नाही. ते काम पहिल्यापासून पुन्हा करावे लागते.

एंजिन प्रक्रियेगणिक एकदाच तयार करावे, असा संकेत आहे. प्रत्येक मागणीसाठी नवे एंजिन केल्यास साठ्याचा हेतूच विफल होतो. याउलट मूळ प्रक्रियेत उघडलेल्या जोडण्या तिच्यातून फुटलेल्या उपप्रक्रियांनी वापरल्यास दोघींचे संदेश एकाच वाटेवर मिसळून अनाकलनीय दोष निर्माण होतात. म्हणून उपप्रक्रियेने प्रारंभी वारशाने आलेला साठा टाकून देऊन नवा उघडणे आवश्यक असते.

सेशन व व्यवहार : एकत्रच पार पडावयाच्या किंवा एकत्रच रद्द व्हावयाच्या विधानांच्या गटास व्यवहार म्हणतात. व्यवहार कायम करण्याच्या क्रियेस ‘कमिट’ व तो मागे घेण्याच्या क्रियेस ‘रोलबॅक’ अशी नावे आहेत. एका खात्यातून रक्कम वजा होणे व दुसऱ्यात जमा होणे ही दोन विधाने एका व्यवहारात नसतील, तर मध्येच वीज गेल्यास रक्कम एका बाजूने नाहीशी होते.

२.० या आवृत्तीने या बाबतीत महत्त्वाचा बदल केला. पूर्वी कोअरमार्फत पाठविलेले भर घालण्याचे वा बदलाचे विधान, स्वतंत्र व्यवहार सुरू केलेला नसल्यास, आपोआप कायम होत असे. आता कमिट स्पष्टपणे करावे लागते. न केल्यास जोडणी साठ्यात परतताना व्यवहार मागे घेतला जातो. यात कोणताही दोषसंदेश येत नाही. आज्ञावली सुरळीत चालते, नोंद झाल्यासारखी वाटते आणि कोष्टकात ती नसते. जुन्या आज्ञावली नव्या आवृत्तीवर नेताना सर्वांत जास्त दक्षता येथे घ्यावी लागते. त्यासाठी १.४ या आवृत्तीत भावी बदलांची पूर्वसूचना देणारी सोय ठेवलेली असून ती चालू करून आधी सर्व इशारे दूर करणे व मगच २.० कडे वळणे हा निर्धोक क्रम होय.

बदल डेटाबेसकडे पाठविताना एखादे विधान अयशस्वी झाले, तर रोलबॅक केल्याखेरीज ते सेशन पुढे वापरता येत नाही. तसे न करता पुढचे काम केल्यास ‘रोलबॅक बाकी आहे’ अशा आशयाचा दोष येतो. हा संदेश लक्षण होय, कारण नव्हे. खरे कारण त्याआधीच्या पहिल्या दोषात असते व पुष्कळदा आज्ञावलीने तो दोष गिळून टाकलेला असतो. म्हणून नोंदींत मागे जाऊन पहिला दोष शोधणे आवश्यक ठरते.

कमिट झाल्यावर सेशन आपल्या ऑब्जेक्टांतील मूल्ये शिळी समजून टाकून देते व पुढील वेळी ती डेटाबेसमधून नव्याने आणते. दरम्यान सेशन बंद झाले असल्यास मूल्ये आणता येत नाहीत आणि ऑब्जेक्ट सेशनपासून सुटलेला असल्याचा दोष येतो. लागणारी माहिती सेशन चालू असतानाच आणून ठेवणे हा त्यावरील मुख्य उपाय होय. मूल्ये टाकून न देण्याची सूचनाही करता येते, परंतु तेव्हा हातातील मूल्य शिळे असण्याचा संभव पत्करावा लागतो. एकच सेशन अनेक समांतर धाग्यांनी वापरू नये. एका मागणीस एक सेशन, हा सामान्य नियम होय.

काही चुका कोणताच संदेश देत नाहीत. एखाद्या वस्तूचे १० नग शिल्लक असता दोन कर्मचाऱ्यांच्या आज्ञावलींनी तो आकडा एकाच वेळी वाचला, दोघींनी त्यातून १ वजा केला व ९ असे लिहिले, तर दोन नग विकले जाऊनही नोंद एकाचीच होते. वजाबाकी पायथनमध्ये न करता एसक्यूएल विधानातच करणे, वाचतानाच त्या ओळीला कुलूप लावणे किंवा प्रत्येक ओळीस आवृत्ती क्रमांक देऊन तो बदलला असल्यास लिहिण्यास नकार देणे, असे तीन उपाय आहेत. साधनसंचात तिन्हींची सोय आहे, परंतु त्यांची निवड त्याला आपण होऊन करता येत नाही.

क्वेरींची संख्या : ऑब्जेक्टाशी संबंधित दुसऱ्या कोष्टकातील माहिती, वेगळी सूचना नसल्यास, ती प्रत्यक्ष मागितली जाईल तेव्हाच आणली जाते. ग्रंथालयाच्या यादीतील १०० लेखक एका क्वेरीने आणून प्रत्येकाची पुस्तके छापू गेल्यास आणखी १०० क्वेरी निघतात. प्रत्येक फेरीस २ सहस्रांश सेकंद लागत असल्यास १०१ फेऱ्यांना ०·२ सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो; लेखक १०,००० असल्यास तोच वेळ सुमारे २० सेकंद होतो. चाचणीच्या लहानशा माहितीवर हा दोष जाणवत नाही, प्रत्यक्ष वापरात वाढत जातो.

संबंधित माहिती आधीच आणण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. ‘जॉइन्डलोड’ या पद्धतीत दोन्ही कोष्टके जोडून एकाच क्वेरीत माहिती आणतात. ‘सिलेक्टइनलोड’ या पद्धतीत मिळालेल्या लेखकांचे ओळख क्रमांक गटागटाने देऊन पुस्तके वेगळ्या क्वेरीने आणतात. एका लेखकाची पुस्तके पुष्कळ असल्यास पहिल्या पद्धतीत लेखकाची माहिती प्रत्येक पुस्तकाबरोबर पुन्हापुन्हा येते, म्हणून तेथे दुसरी सोयीची ठरते. आधी न आणलेली माहिती मागितल्यास दोष उत्पन्न करावा, अशी सूचनाही देता येते. तीमुळे हा छुपा खर्च विकासाच्या काळातच उघड होतो.

कोष्टकांच्या रचनेतील बदल : आज्ञावलीतील वर्णनावरून कोष्टके निर्माण करणारी ‘क्रिएट_ऑल’ ही क्रिया फक्त नसलेली कोष्टके तयार करते, असलेल्या कोष्टकात ती स्तंभ वाढवीत नाही. वर्णनात नवा स्तंभ लिहून आज्ञावली चालविल्यास ‘असा स्तंभ नाही’ हा संदेश येतो तो यामुळेच. रचनेतील बदल टप्प्याटप्प्याने व नोंद ठेवून करण्यासाठी माइक बायर यांनीच ‘अलेंबिक’ हे जोडसाधन तयार केले आहे. वर्णन व प्रत्यक्ष कोष्टके यांची तुलना करून ते बदलांचा मसुदा रचते. मात्र स्तंभाचे नाव बदलल्याचे त्यास ओळखता येत नाही. जुना स्तंभ काढला व नवा घातला, असा अर्थ ते लावते. हा मसुदा न वाचता चालविल्यास जुन्या स्तंभातील सर्व माहिती नष्ट होते. म्हणून मसुदा तपासणे व आधी प्रत काढून ठेवणे या गोष्टी अनिवार्य मानल्या जातात.

चाचणीसाठी एसक्यूलाइट व प्रत्यक्ष वापरासाठी पोस्टग्रेस्क्यूएल अशी विभागणीही सावधपणे करावी लागते. एसक्यूलाइटमध्ये कोष्टकांतील परस्परसंबंधाचे बंधन प्रत्येक जोडणीवर सूचना देऊन चालू करावे लागते. ते चालू नसताना यशस्वी झालेली चाचणी दुसऱ्या प्रणालीवर अयशस्वी होऊ शकते.

देवनागरी मजकूर : मराठी नावे व मजकूर साठविताना जोडणी व कोष्टक या दोहोंची वर्णसंकेतन पद्धती जुळणे आवश्यक असते. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ या नावाची जुनी पद्धती एका चिन्हास जास्तीत जास्त ३ बाइट देते. देवनागरीस त्या पुरतात, परंतु ४ बाइट लागणारी चिन्हे तीत मावत नाहीत. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ ही पद्धती वापरतात. देवनागरी सामावून न घेणाऱ्या पद्धतीचे कोष्टक असल्यास अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठविली जाऊ शकतात व मूळ मजकूर पुन्हा मिळविता येत नाही.

स्तंभाची लांबी डेटाबेस युनिकोड चिन्हांत मोजतो, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत नव्हे. ‘क्षि’ हे एक अक्षर क, हलन्त, ष व वेलांटी अशी ४ चिन्हे व्यापते. त्यामुळे इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठरविलेली लांबी मराठी नावांना अपुरी पडू शकते.

एकच शब्द निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिला जाणे ही अधिक सूक्ष्म अडचण होय. ‘कऱ्हाडे’ या नावातील ‘ऱ’ एका स्वतंत्र चिन्हाने किंवा ‘र’ व नुक्ता या दोन चिन्हांनी लिहिता येतो. हीच आकृती र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही उमटते. वाचणाऱ्यास ही नावे सारखी दिसतात, परंतु केवळ चिन्हांची तुलना करणाऱ्या डेटाबेसला ती भिन्न वाटतात. एकाच व्यक्तीची दोन खाती निघतात किंवा असलेले खाते सापडत नाही. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात व त्याची सोय पायथनमध्ये आहे. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. हे शुद्धीकरण नोंद साठविताना व शोधताना सारखेच करावे लागते. साधनसंच मजकूर जसा मिळतो तसाच पुढे पाठवितो.

दोषशोधनाची पद्धत : प्रथम दोषसंदेश संपूर्ण वाचून मूळ दोष कोणत्या स्तरावरचा आहे ते ठरवितात. एका नावाचे अनेक दोष असल्यास कालक्रमाने पहिला महत्त्वाचा धरतात. त्यानंतर एंजिनास ‘एको’ ही सूचना देऊन प्रत्यक्ष पाठविली जाणारी एसक्यूएल विधाने पाहतात. कोणते विधान गेले, किती वेळा गेले व शेवटी कमिट झाले की रोलबॅक, हे त्यावरून कळते. जोडण्यांच्या देवघेवीची नोंद पाहण्यासाठी वेगळी सूचना आहे. या नोंदींत विधानांबरोबर मूल्येही छापली जात असल्याने खासगी माहिती उघड होण्याचा धोका असतो. मूल्ये लपविण्याची सूचना दिल्यास तो टळतो.

तेच विधान डेटाबेसच्या स्वतःच्या साधनातून चालवून पाहणे ही पुढची पायरी होय. तेथेही ते अयशस्वी वा संथ ठरल्यास दोष साधनसंचात शोधण्यात अर्थ नसतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये चालू जोडण्यांचे कोष्टक पाहता येते. तीत ‘व्यवहार उघडा परंतु निष्क्रिय’ अशा अवस्थेतील जोडण्या दीर्घकाळ दिसल्यास आज्ञावली व्यवहार बंद करण्यास विसरत आहे, असा निष्कर्ष निघतो. शेवटी एका वेळी एकच सूचना बदलून परिणाम पाहतात. अनेक बदल एकदम केल्यास दोष गेला तरी कारण अज्ञात राहते व तो पुन्हा उद्भवतो.

विधानात वापरणाऱ्याने दिलेली मूल्ये शब्दशः जोडणे हा या साऱ्यांत सर्वांत धोकादायक दोष होय. अशा मूल्यात एसक्यूएलचा तुकडा दडवून कोष्टके वाचणे वा नष्ट करणे शक्य होते. साधनसंचाच्या रीतीने रचलेल्या विधानांत मूल्ये वेगळी पाठविली जात असल्याने हा धोका टळतो. परंतु हाताने लिहिलेल्या विधानांत मूल्यांसाठी नामांकित जागा ठेवण्याचे पथ्य विकासकानेच पाळावे लागते.

साधनसंच बोलींतील भेद, विधानांची रचना व ऑब्जेक्टांची नोंद यांचा भार उचलतो. जोडणी किती वेळ धरावी, व्यवहार कोठे संपवावा, कोणती माहिती आधी आणावी व कोणता बदल निर्धोक आहे, हे निर्णय मात्र आज्ञावली रचणाऱ्याकडेच राहतात. दोषसंदेश देणारी चूक लवकर सापडते. संदेश न देणारी चूक नोंदींत मुरत जाते. म्हणून वेतन, शिल्लक, नोंदणी यांसारख्या माहितीवर चालणाऱ्या आज्ञावलींत, लिहिलेली नोंद नव्या जोडणीतून पुन्हा वाचून पाहणारी चाचणी प्रथमपासून ठेवणे श्रेयस्कर ठरते.